खारवणीच्या टाकीतून येणारी ओ
परवा खाऱ्या बांगड्याची पिशवी उघडली आणि त्या उग्र वासासरशी रत्नागिरीच्या बंदरामागची, सासरची खारवणीची टाकी आठवली. मी तेव्हा नवी सून होते. जमिनीत पुरुषभर खोल बांधलेल्या त्या टाकीत मासळीचा एक थर, मिठाचा एक थर असं भरत जायचं. पावसाळाभर ती झाकलेली असे, आणि हंगामाआधी तळाचं कुजकं खारं पाणी उपसावं लागे. त्या दिवशी मोठ्या जाऊबाई कमरेला दोरी बांधून शिडीने आत उतरल्या. सासूबाईंनी दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. "तिला बोलती ठेव गो. खालची हवा वाईट असते. ओ आली नाही तर दोरी ओढ, पण तू उतरू नको," असं बजावून त्या मीठ आणायला गेल्या. जाऊबाई खालून माझ्या माहेरच्या गोष्टी विचारत होत्या. मध्येच त्या थांबल्या. मी हाक मारली. उत्तराऐवजी बादली पडल्याचा आवाज आला, आणि माझा एक पाय आपसूक शिडीवर गेला. तो मी मागे कसा घेतला, अजून कळत नाही. किंचाळत मी दोरी ओढू लागले, तशा शेजारच्या बायका धावल्या. जाऊबाईंना वर काढलं तेव्हा त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. सासूबाई त्यांच्या गालांवर चापट्या मारत एकच म्हणत होत्या, "ओ दे गो, ओ दे." कितीतरी वेळाने ती आली, अगदी बारीक. आता माझा मुलगा न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिला, तरी मी हाक मारते. तो वैतागून ओ देतो, आणि मगच माझ्या हातातली दोरी सैल होते.