दाराकडचा आणि भिंतीकडचा

मैद्याच्या काट्यात मी माझे दोन भाचे निजवले. एका पारड्यात एक, दुसऱ्यात दुसरा, खाली सारखंच फडकं. जन्मले त्या दिवशी असंच केलं होतं तेव्हा काटा सरळ उभा राहिला होता. आज एक पारडं खाली बसलं.

"भिंतीकडचा हलका झाला," मी म्हणालो.

"काल तर दाराकडचा हलका हुता," बहीण म्हणाली.

काटा खोटं बोलत नाही. लोणावळ्याच्या एका बेकरीत मी भट्टीवर होतो, त्याच काट्यावर रोज मैदा तोलायचो. मग पोरांचं वजन याच्याकडून त्याच्याकडं जातंय कसं? माझ्या डोक्याला भुंगा लागला.

साठ-बासष्ट सालची थंडी असेल. बहीण यमुना वडिवळ्याला दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली. आईबाप नव्हते, त्यामुळं माहेर म्हणजे माझी एक खोली. आठव्यातच बाळंत झाली. जुळे, दोन्ही मुलगे, वीतभर. दूध ओढायचीसुद्धा ताकद नाही.

डॉक्टर म्हणाले, "पुण्याला मोठ्या इस्पितळात अशा मुलांना काचेच्या पेटीत ठेवतात. पण या गारठ्यात गाडीनं न्यायचं म्हणजे वाटेतच काही व्हायचं. दिवसरात्र सारखी ऊब मिळेल अशी जागा आहे का तुमच्याकडे?"

मी म्हणालो, "आहे."

भट्टीच्या मागं एक खोली होती. मध्ये एकच भिंत, तीही भट्टीचीच. मळलेलं पीठ फुगायला आम्ही तिथं ठेवायचो. धूर नाही, वारा नाही. मी शेठकडं गेलो.

"शेठ, मागची खोली पायजे."

"कशाला?"

"बहिणीची पोरं ठेवायला."

"पोरं म्हणजे पाव आहेत काय? आणि सुवेरातली बाळंतीण बेकरीत बसवली कळलं तर माझा पाव कोण खाईल?"

"मागल्या दारानं येतील, मागल्या दारानं जातील. पीठ मी पुढं फुगवतो."

"थंडीत नाही फुगलं तर?"

"तर मला काढून टाका."

"तुला काढून भट्टी कोण लावणार?" शेठ म्हणाले आणि किल्ली दिली. त्यांचं हे बोलणं मी अजून विसरलो नाही.

डॉक्टरांनी खोली येऊन पाहिली, भिंतीला हात लावला आणि चालेल म्हणाले. लाकडी पेटीत कापूस घालून पोरं शेजारी शेजारी निजवली. एक भिंतीच्या अंगाला, एक दाराच्या. यमुनेची सासू वडिवळ्याहून मदतीला आली, तिला मी मावशी म्हणायचो. तिनं आल्या आल्या सांगितलं, बारशाआधी नाव नाही, काजळ नाही, काळा दोरा नाही. तेव्हा आमच्याकडं म्हणायचे, सातव्यातलं पोर जगतं, आठव्यातलं जगत नाही. म्हणून पोरांना नावं पडली ती जागेवरनं. दाराकडचा आणि भिंतीकडचा. तोंडावळा एकच, रंग एकच, रडणंही एकच.

दूध बोळ्यानं पाजायचं. म्हणजे कापूस दुधात बुडवून थेंब थेंब ओठात सोडायचा. एकाला पाजेस्तोवर यमुना थकून जायची. मग दुसऱ्याला मावशी पाजायची.

काटा झुकला त्याच दिवशी डॉक्टरांनी पाठवलेल्या नर्सबाई आल्या. त्यांनी दोघांची पोटं चाचपली. "याचं पोट तट्ट आहे. आणि हा सुकलाय. याला पाजलं नाही का?"

"दोगांनाबी पाजलंय की. आत्ताच," मावशी म्हणाली.

"मग दूध गेलं कुठं? असं आणखी एक-दोन दिवस चाललं तर हा हाती लागायचा नाही."

नर्सबाई गेल्यावर मावशी भिंतीला टेकून बसली. "म्या म्हनलंच हुतं. आठव्यातला चालला," एवढंच बोलली.

मला पटेना. आजार असता तर एकच सुकला असता. इथं आज हा, उद्या तो. भट्टीत एक पाव कच्चा राहिला तर पावाला दोष देत नाहीत. तो कुठं ठेवला होता ते बघतात.

दुपारची भट्टी निघाली. मी हात पुसून आत आलो. यमुना एकाला पाजून आडवी झाली होती. मावशी बाहेर वाटी उकळायला गेली होती. मी रोजच्यासारखी पेटी उचलली आणि फिरवून ठेवली. आमच्यात पिठाच्या ट्रेची जी बाजू भट्टीच्या भिंतीला असते ती आधी फुगते, म्हणून ट्रे फिरवावा लागतो. पोरांनाही ऊब सारखी मिळावी म्हणून मी येता-जाता पेटी फिरवायचो.

मावशी वाटी घेऊन आली. "यमे, कुटला ऱ्हायला?"

यमुनेनं डोळे न उघडताच सांगितलं, "भिंतीकडचा."

मावशीनं भिंतीकडचा उचलला. त्याच्या ओठावर दूध अजून ओलं होतं.

"मावशी, थांबा," मी म्हणालो. "त्याला न्हाई. त्याचं झालंय."

मावशीनं पोराकडं बघितलं, पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तू पेटी फिरवतोस व्हय?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"पयल्या दिवसापास्नं."

"आन सांगितलं न्हाईस?"

"ट्रे फिरवताना कोण सांगतं?"

"मेल्या, ह्ये पाव हायत का? आता हात लावायचा न्हाई पेटीला."

"लावनार. एकाला ऊब आन एकाला गारठा चालायचा न्हाई. तुमी नावं ठिवा."

"न्हाई. नाव ठिवलं की माया लागती. मग जड जातं."

"लागूंद्या माया. दूध तरी ठिकाणी लागंल."

तेव्हा यमुना अंथरुणातनं म्हणाली, "आत्याबाई, मला तर लागलीच हाय."

मावशीनं कोपऱ्यातल्या मैद्याच्या पोत्याची शिवण उसवली, त्यातला दोरा तोडला आणि हातातल्या पोराच्या पायात बांधला. "ह्ये नाव न्हाई," मला बजावून म्हणाली. "खूण हाय नुसती." आणि दुसऱ्याला उचलून पाजायला घेतलं. ते पोर केवढं प्यालं.

पेटी मी फिरवतच राहिलो. काटा हळूहळू सरळ आला. नर्सबाईंनी विचारलं, काय केलंत? मी म्हणालो, दोरा बांधला. त्यांना वाटलं देवाचा असेल.

पुढं बारसं झालं, चांगली नावं ठेवली. पण वडिवळ्यात एकाला अजून सगळे दोऱ्याच म्हणतात. मावशीनंच सुरू केलं ते. दोघंही आता आजोबा झालेत. फिरवण्यात चूक होती असं यमुना आजही म्हणते. चूक फिरवण्यात नव्हती, नाव देण्यात होती. फिरणाऱ्या मालाला जागेचं नाव देऊ नये, हे बेकरीतल्या कुणालाही कळतं.

एक मात्र राहून गेलं. दोरा बांधेपर्यंत पेटी इतक्यांदा फिरली होती की आधी जन्मलेला कुठला, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. लग्नकार्यात मान कुणाचा यावरनं दोघं अजून हुज्जत घालतात आणि शेवटी माझ्याकडं येतात.

"मामा, खरं सांग, थोरला कोण?"

"दाराकडचा," मी सांगतो.