आडवा दांडा

दौलतरावांना सायकलीतलं कळत नव्हतं असं जो म्हणेल त्याच्या तोंडात किडे पडतील. चिंचवड स्टेशनाजवळच्या खोलीतून खडकीच्या कारखान्यात ते रोज सायकलनं जायचे, तेही लढाईच्या दिवसांपासून. शेजारून कुणाची सायकल गेली की नुसत्या आवाजावरून सांगायचे, चेन सैल आहे की बेअरिंग कोरडं पडलंय. म्हणून तर त्यांच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, आपली पहिली सायकल निवडायचं काम त्यांच्यावर सोपवलं. आणि तिथंच बिचारीनं माती खाल्ली.

दुर्गाबाई सुईण. पुण्यात राहून रीतसर शिकून आलेली. पिंपरीला औषधांचा कारखाना सुरू झाल्यापासून माळावर नव्या चाळी उठत होत्या, बिऱ्हाडं वाढली तशी बाळंतपणंही वाढली. चिंचवडच्या दवाखान्यातले डॉक्टर तिला कामावर घ्यायला तयार होते. अट एकच. रावेत, थेरगाव, तळवडं, कुठूनही बोलावणं आलं की लगेच निघता आलं पाहिजे.

"बैलगाडी जुंपेपर्यंत पोर थांबत नसतं, बाई," डॉक्टर म्हणाले. "दिवाळीनंतरच्या सोमवारी सायकलवर येऊन हजर व्हा. नाहीतर दुसरी एक बाई विचारतेच आहे."

सायकल तिला येत होती. दौलतरावांनीच शिकवली होती, भाड्याची आणून, स्टेशनामागच्या माळावर. सीट धरून मागं पळायचे, धापा टाकायचे, ती पडली की पोट धरून हसायचे. तेव्हा सगळा हौसेचा मामला होता. नोकरीचं ठरलं आणि हसणं थांबलं, हे दुर्गाबाईच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

स्टेशनासमोर नूरमोहम्मदचं दुकान होतं. सायकली भाड्यानं द्यायचा, दुरुस्त करायचा, जुन्या विकायचा. त्याच्याकडं एक लेडीज सायकल होती, म्हणजे मधला आडवा दांडा नसलेली. बाईमाणसाला दांड्याची सायकल चालत नाही, हे दौलतरावांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. दुर्गाबाईनंही मान डोलावली, कारण सगळं जगच तसं म्हणत होतं. दौलतरावांनी ती सायकल उचलली, चाक फिरवलं आणि म्हणाले, "चाक आऊट हाय."

बरं, चाक आऊट तर आऊट. पुण्याला गेले. तिथली चकचकीत नवी सायकल बघून म्हणाले, "चेनवरचं कव्हर अर्धंच हाय. पातळ अडकलं म्हंजे?" पूर्ण कव्हरवाली निघाली तर ती जड, चढाला दम काढील. हलकी निघाली तर ती तकलादू, तळवड्याच्या वाटेला दोन दिवसांत मोडेल. एकीचं सीट उंच, एकीचं हँडल अरुंद, एकीची घंटीच बसक्या आवाजाची! मुलगी बघायला आलेली सासू कशी, चालून दाखव म्हणते, वाचून दाखव म्हणते आणि शेवटी नाक नकटं म्हणून पोहे खाऊन उठते, तशातली गत. दिवाळी आली, दिवाळी गेली. दुर्गाबाई दर खेपेला नटून जायची आणि हात हलवत परत यायची. तिच्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. पण नवऱ्याला त्यातलं कळतं, आपल्याला नाही, असं स्वतःला बजावत गप्प बसायची.

शेवटचा रविवार उजाडला. नूरमोहम्मदनं ती पहिलीच लेडीज सायकल खोलून नव्यानं बांधली होती. चाक सरळ केलं, पूर्ण कव्हर बसवलं, हिरवा रंग मारला. दौलतरावांनी ती उचलली. चाक फिरवलं. ब्रेक दाबले. खाली वाकून, वर होऊन, चहूबाजूंनी बघितलं. खोड काढायला जागाच नव्हती.

"रंग हिरवा हाय," ते म्हणाले. "हिरवी सायकल कुनी चालवतं का?"

आता मात्र दुर्गाबाईचं टाळकं सरकलं. "चुडा हिरवा चालतो, लुगडं हिरवं चालतं, मग सायकलीनंच काय घोडं मारलंय?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"मला येवढं कळतंय की उद्या सोमवार हाय. खरं बोला, तुमाला सायकल पसंत न्हाई का सायकलीवरची बायको?"

दौलतरावांचा चेहरा पडला. मग एकदम भडकून म्हणाले, "अगं, कारखान्यात समदे इचारत्यात मला! दौलतराव, उद्यापास्नं वैनी चालवनार अन् तुमी मागं कॅरिअरवर डबा धरून बसनार का? जेवायच्या सुट्टीत दुसरा इषय न्हाई!"

"म्हंजे चाक, चेन, चढ, समदं खोटंच?"

दौलतरावांनी आपली सायकल काढली आणि टांग टाकून निघून गेले. दुर्गाबाईला रडू फुटलं, पण ते संतापाचं. डोळे पुसून ती नूरमोहम्मदला म्हणाली, "नूरभाई, द्या मला ती हिरवी."

"वहिनी, मी कशी देऊ?" तो खाली बघत म्हणाला. "दौलतराव हो म्हणाल्याशिवाय दिली तर तुमच्या घरचं भांडण माझ्या दारात येईल." भला माणूस, पण अशा भल्या माणसांचं करायचं काय?

सोमवारी दौलतरावांची दुपारपाळी होती. सकाळी ते न्हाणीत गेले, दुर्गाबाईनं दवाखान्यात नेसायला म्हणून पुण्याहून आणलेलं पाचवारी, गोल पांढरं पातळ नेसलं आणि पिशवी उचलली. चालत जाऊन डॉक्टरांच्या हातापाया पडायचं, असा विचार होता. दारात नवऱ्याची सायकल उभी. ती बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं सायकल ओढली, ओट्याच्या पायरीवर उभी राहिली आणि पाय उचलला. पातळ पोटऱ्यांना आवळून बसलं. दांड्यापर्यंतसुद्धा पाय जाईना.

तेवढ्यात रस्त्यानं गावातले भटजी गेले. धोतर नेसलेले, सायकलवर, सायकल दांड्याची.

दुर्गाबाई बघतच राहिली. खुळी गं खुळी! धोतराचा काष्टा दांड्यावरून जातो, मग लुगड्याच्या काष्ट्याला काय धाड भरलीय? जन्मभर नऊवारी नेसलेली ती, आणि इतके दिवस वणवण कशासाठी, तर गोल पातळासाठी! ती घरात धावली. पातळ फेडलं, लुगडं नेसली, काष्टा खेचून मारला, परत पायरीवर आली आणि दांड्यावरून पाय टाकला. गेला की सहज!

सीट उंच होतं, पेडलला जेमतेम चवडे पोचत होते. पहिल्याच वळणावर ती पडली. उठली, पायरीसारखा दगड शोधला, पुन्हा चढली. दवाखान्यापाशी पोचली खरी, पण उतरायचं कसं ते सुचेना, तेव्हा दारातल्या लिंबाच्या झाडालाच मिठी मारली.

डॉक्टर बाहेर आले. "उतरता येत नाही वाटतं?"

"चढता येतंय साहेब. उतरायला येईल संध्याकाळपर्यंत."

"मग उतरूच नका. तळवड्याहून माणूस आलाय, बाई अडलीय. निघा."

ती परतली तेव्हा उन्हं कलली होती. दुपारपाळी केव्हाच बुडाली होती. दौलतराव ओट्यावर बसलेले. दुर्गाबाईनं सायकल भिंतीला लावली आणि पदर खोचला.

"बोला काय बोलायचं ते."

"पडलीस?"

"दोनदा."

"अन् तिकडचं?"

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत." मग तिला राहवलं नाही. "ऐका, मला हीच सायकल पायजे. दांड्याची. आता एक जरी खोड काढलीत ना, तर बघा!"

दौलतराव उठले, घरातून पाना घेऊन आले आणि सीटचा नट ढिला करायला बसले. हळूहळू सीट खाली घेतलं, अगदी तळाला टेकेपर्यंत.

"ब्रेक पन जरा—"

"ब्रेकला हात लावायचा न्हाई!"

"बरं."

"येवढं खाली घेतलं तर तुमचं गुडघं हनवटीला लागतील. उद्या खडकीला कशावर जानार?"

दौलतराव नट आवळत राहिले. मान वर केली नाही.

"दुपारी नूरभाईकडं जाऊन आलो. ती हिरवी मला ठेव म्हनलं त्याला."

"अहो, ती लेडीज हाय!"

"व्हय, ठाव हाय मला," दौलतराव म्हणाले आणि सायकल सरळ धरून उभे राहिले. "बस आता. पाय पुरत्यात का बघू दे."