हातभर अंतरावरचं जंगल

श्रीमती साळूबाई काशिनाथ भोये, वय अठ्ठेचाळीस, शिक्षण चौथीपर्यंत. पदनाम : क्षेत्रीय वृक्षप्रेरक, मानधन तत्त्वावर, मुदत अकरा महिने. कार्यक्षेत्र : पेठ तालुक्यातले चार पाडे. कर्तव्ये : शेतकऱ्यांना आपल्या जमिनीच्या एका तुकड्यावर झाडे लावण्यास प्रवृत्त करणे, लागवडीचे शास्त्रोक्त अंतर समजावून देणे व मानसिकतेत परिवर्तन घडवणे. परिवर्तनाची अंतिम तारीख नेमणूकपत्रात दिली आहे : एकतीस मे. त्या दिवशी वाटलेल्या चारशे रोपांपैकी निम्मी जिवंत हवीत.

नाही जगली तर नेमणूक संपणार आणि दिवाळीनंतर साळूबाईंना पुन्हा दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला जावं लागणार. सतरा हंगाम त्या गेल्या होत्या. द्राक्षांबद्दल त्यांचं मत वाईट नाही. फक्त ती आता पाहायची इच्छा नाही.

'पर्यावरण' हा शब्द त्यांना प्रशिक्षणात शिकवला होता. पहिल्याच पाड्यावर तो वापरला, तर ऐकणाऱ्या बाईने काळजीने विचारलं, "बरं वाटत नाय का तुला?" तेव्हापासून त्या फक्त पाल्याबद्दल बोलतात. नागलीचं बी टाकण्याआधी इकडे त्या जागेवर फांद्या-पाला पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. राबाला पाला लागतो, आणि पाला दरवर्षी थोडा लांब जातो.

"बहिरूबाबा, पाल्याला कुठवर जाता?" त्यांनी एका पाड्यावरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं.

"खिंडीच्या पल्याड."

"आन् पुढच्या वर्षी?"

"गुजरातेत जाऊ. लांब कुठंय?"

"त्यापरीस वरच्या माळाला ही ऐनाची झाडं लावा. दारात पाला."

"तो वाढेस्तोवर?"

"तोवर गुजरात हायेच की."

बहिरूबाबा हसले आणि हसण्याच्या भरात दोनशे रोपं घेऊन बसले. तेवढ्यात पेठच्या शेवटच्या जीपने हॉर्न दिला आणि साळूबाई छत्री सावरत धावल्या.

उरलेली दोनशे रोपं बारा घरांनी मिळून घेतली आणि शास्त्रोक्त लावली, तीन-तीन मीटरवर. दिवाळीनंतर ती घरं बागांवर गेली, शेळ्या मागे राहिल्या. शेळ्यांना ते अंतर फार सोयीचं पडलं. मे महिन्यात साळूबाईंनी मोजली तेव्हा अकरा उरली होती.

एकतीस तारखेला नाशिकहून तृप्ती मॅडम तपासणीला आल्या. साळूबाईंनी त्यांना चहा दिला, अकरा झाडं दाखवली, मग पुन्हा चहा दिला. बहिरूबाबांकडचा प्रकार त्यांनी आधीच पाहिला होता, म्हणूनच तो शेवटी ठेवला होता.

घरामागे, मोरीचं पाणी जातं तिथे, करवंदीच्या काट्यांच्या कुंपणात बहिरूबाबांनी दोनशेच्या दोनशे रोपं हातभर अंतरावर लावली होती. सगळी हिरवीगार.

"ही लागवड नाहीये," मॅडम म्हणाल्या. "ही नुसती दाटी आहे."

"रोप आधी दाटच असतं, बाय," बहिरूबाबा समजुतीने म्हणाले. "पाऊस लागला का आवणी. मातीसकट काढायचं, माळावर नेऊन लांब लांब लावायचं. नागलीचं, भाताचं तसंच तर करतो. तुमच्याकडं भात कसा करतात?"

"कुकरमध्ये," मॅडम म्हणाल्या.

"मंग तुमचं बराबर हाय."

साळूबाईंनी छत्री काखेतून काढून कुंपणाकडे रोखली. "मॅडम, कागदावर जिवंत मोजा म्हणलंय ना? यातलं मेलेलं एक दाखवा."

मॅडम उकिडव्या बसल्या आणि त्यांनी मोजलं. दोनदा.

अहवालात नोंद झाली : 'सदर प्रेरकांनी पारंपरिक कृषिज्ञानाचा सखोल अभ्यास करून सामूहिक रोप-संगोपन पद्धत विकसित केली असून, अंतराबाबतचे त्यांचे मार्गदर्शन इतर तालुक्यांसाठी अनुकरणीय आहे.' नेमणूक अकरा महिन्यांनी वाढली. दिवाळीनंतर बागांवर जाणारी गाडी साळूबाईंनी अंगणातूनच पाहिली.

जीपच्या घाईत त्या बहिरूबाबांना अंतर सांगायलाच विसरल्या होत्या.