पारा झटकण्यापूर्वी

१२ जुलै २०११, सायंकाळी ७.४०. जुन्या वहीतील ही नोंद आज सापडली आणि पानांत अडकलेल्या अंगाऱ्याच्या वासाने मी लालबागच्या आमच्या खोलीत पोहोचले.

टीव्हीवरच्या मालिकेतील डॉक्टर एका आईला अंगारा पुसायला सांगत होता. इकडे माझी आई तापलेल्या धाकट्या बहिणीला तोच लावत होती. ताप उतरला नाही तर तिला रुग्णालयात हलवायचे होते. तापमापीवर तिसऱ्यांदा १०३.६!

"अंगाऱ्यापायी औषधाला उशीर केलास!" मी आईवर ओरडले.

"पारो झटकलंस काय गो, डॉक्टरीणबाई?"

मी झटकला नव्हता. तापमापी जुनाच आकडा धरून बसली होती. प्रयोगशाळेत उपकरण हाती घेताना आजही प्रथम तीच धास्ती वाटते, जुना आकडा तर राहिला नसेल?

त्या संध्याकाळी पारा झटकून मी पुन्हा ताप मोजला आणि नवा आकडा लिहिला: १००.२.