नागराजची इस्टेट

वडगावात चार पावरलूम चालवणाऱ्या नागराजला घाईनं घेतलेल्या वस्तूचा भारी तिटकारा. घरात मिक्सर आला तो गल्लीतल्या सगळ्या मिक्सरांची चौकशी पुरी झाल्यावर. तोवर त्याच्या बायकोनं, राजेश्वरीनं, पाट्यावर इतक्या चटण्या वाटल्या होत्या की मिक्सर आला त्या दिवशी तिनं त्याच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. फ्रीजच्या वेळी तर ज्या दुकानात चौकशी चालू केली होती ते दुकानच मधल्या काळात बंद पडलं. नागराजनं त्याचाही अर्थ आपल्या सोयीनं लावला. म्हणाला, "बघ, घाई केलो असतो तर फसलो असतो."

असा माणूस गाडी घ्यायला निघाला.

गरज मात्र खरी होती. साड्यांचे गठ्ठे संकेश्वरच्या, निपाणीच्या दुकानांत पोचवायचे तर दर वेळी टेम्पोवाल्याच्या पाया पडावं लागे. आईचे, चंपाबाईंचे, गुडघे गेलेले. बसच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. दोन पोरी कॉलेजात. एकाच गाडीत घर आणि धंदा दोन्ही मावावं, अशी नागराजची इच्छा. त्यासाठी तो रोज रात्री जेवण झाल्यावर फोनवर गाड्यांचे व्हिडिओ बघत बसे. तिथं त्याला एक चष्मेवाला विलायती गृहस्थ भेटला. हा गृहस्थ एका बुटक्या, लांबलचक गाडीच्या डिकीत एक सायकल, दोन कुंड्या आणि एक केसाळ कुत्रा ठेवून दाखवत होता आणि तरी जागा उरली होती. इंग्रजी नागराजला जेमतेम कळत होतं, पण डिकी पुरती कळली. त्या जातीच्या गाडीला तो गृहस्थ 'इस्टेट' म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात नागराज सहज बोलून गेला, "औंदा इस्टेट घ्यावी म्हंतोय."

शेजारच्या बाकड्यावर भरमू बसला होता. भरमूचा धंदा प्लॉटची दलाली. त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि संध्याकाळी काकतीजवळच्या प्लॉटांचा नकाशा घेऊन नागराजच्या दारात हजर झाला.

"हायवेला चिकटून हाय, सावकार."

सावकार! काल-परवापर्यंत हाच माणूस त्याला 'ए नागू' म्हणत होता. नागराजला बरं वाटलं. गाडीच्या कंपनीचं दुकान हायवेलाच असणार, हे त्यानं धरून घेतलं. त्यानं कामाचं विचारलं, "मागं जागा किती मिळती?"

"मागं लई हाय. चार म्हशी बांधा."

"म्हशी कशाला? मला साड्यांचे गठ्ठे ठेवायचे हायत."

"मग गोडाऊन बांधा की!"

गाडीच्या मागं गोडाऊन कसं बांधतात, ते नागराजला कळेना. पण आपलं अज्ञान दाखवायला नको म्हणून तो "बघू, बघू" म्हणाला. भरमूनं बाहेर पडून सगळ्यांना सांगितलं, की नागराज पक्का आहे, भाव पाडायला येड्याचं सोंग घेतोय.

आठवडाभरात नागराजची अब्रू आपोआप वाढली. विणकर सोसायटीचे जे संचालक त्याच्या नमस्काराला नुसती मान हलवत, त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढं केली. आमंत्रण द्यायला विसरणारे पाव्हणे घरी येऊन बसू लागले. नागराजला वाटलं, माणसं शेवटी ओळखतात. उशिरा का होईना, चांगुलपणा दिसतोच.

बातमी निपाणीला पोचेपर्यंत तिला चांगलं बाळसं आलं होतं. तिथं त्याचा धाकटा भाऊ रविराज एका कॉलेजात कारकून होता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आई कुणाकडं राहणार, यावरून भावाभावांत शब्द झाले होते, तेव्हापासून तो वडगावला फिरकला नव्हता. त्याच्या कानावर आलं ते असं, की थोरला अण्णा आईचा अंगठा घेऊन इस्टेट करतोय. रविराज त्याच पावली बसस्टँडवर गेला.

तो दारात उभा राहिला तेव्हा नागराज फोनवर गाडी बघत होता. दोन वर्षांनी आलेला भाऊ बघून त्याला गलबलून आलं. 'आपल्या गाडीबद्दल ऐकून आला बिचारा,' असं त्याच्या मनात आलं.

"ये रं, रवी. बरं झालं आलास. तुझंबी मत पायजेच."

"मत?" रविराज चपलासुद्धा न काढता म्हणाला. "सगळं ठरवून झाल्यावर मत? आईला इचारलास काय?"

"आईला म्होरं बसवायचं ठरलंय."

"व्हय, तिलाच म्होरं करायचं आनि अंगठा घ्यायचा! आनि माझा वाटा?"

"तुझा कसला वाटा? कवातरी येनार तू. येशील तवा मागं बस की."

रविराजचा चेहरा लालबुंद झाला. "मागं बसू? मी काय नोकर हाय? सख्खा भाऊ हाय मी! किती हाय जागा, तेवढं तरी सांग."

"चार मीटरच्या वर हाय," नागराज अभिमानानं म्हणाला.

"चार मीटर?" रविराज म्हणाला. "चार मीटर जाग्यासाठी गावभर बोंब?"

"आनि मागचं दार उघडलं की गठ्ठे सरळ आत. कुत्रंबी बसतंय."

आतून राजेश्वरीच्या हसण्याचा आवाज आला. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तांब्या रविराजच्या हातात दिला आणि म्हणाली, "भावजी, मोटार हो, मोटार. ते विलायतीत तसल्या मोटारीला इस्टेट म्हंत्यात म्हनं. तुमचा वाटा हाय तिथंच हाय. चपला काढा, आनि पानी प्या."

रविराजनं चपला काढल्या. पाणी प्यायला. मग त्यानं विचारलं, "पेट्रोल का डिझेल?"

त्या घडीपासून तो गाड्यांतला जाणकार झाला. भावावर संशय घेतल्याची लाज झाकायला यापेक्षा सोपी वाट नव्हती. येत्या रविवारी शोरूमला जायचं, आपण निपाणीहून येतोच, हे त्यानं जेवता जेवता जाहीर केलं. चंपाबाईंनी त्याच्या ताटात तिसऱ्यांदा भाकरी टाकली.

रविवारी सगळं घर शोरूममध्ये उतरलं. बरोबर मापासाठी म्हणून साड्यांचे चार गठ्ठे. तिथल्या समता मॅडमनी आजवर बरीच गिऱ्हाइकं बघितली होती, पण माल घेऊन आलेलं घराणं पहिलंच. नागराजनं 'इस्टेट' मागितल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तसली गाडी आता आपल्याकडं कोण ठेवत नाही. सात सीटर बघा."

सात सीटर बघितली. सगळेजण बसले की गठ्ठे बाहेर, गठ्ठे आत घेतले की दोन्ही पोरी बाहेर.

"सर, माणसं का साड्या, एक काहीतरी ठरवा," समता मॅडम म्हणाल्या.

"दोन्ही," नागराज म्हणाला. "प्रॅक्टिकल पायजे."

तरी चक्कर मारायची ठरली. काकतीपर्यंत जाऊन परत यायचं होतं, पण चढाला इंजिन कसं ओढतं ते बघायला हवं, असं रविराजनं सांगितलं आणि गाडी आणखी पुढं गेली. परत आल्यावर सगळ्यांनी चंपाबाईंकडं बघितलं.

"उंच हाय रं," त्या म्हणाल्या. "माडीवर चढल्यागत वाटतंय."

पुढच्या रविवारी दुसऱ्या शोरूमला बुटकी गाडी बघितली. ती चंपाबाईंना विहिरीत उतरल्यागत वाटली. तिसऱ्या गाडीला वास होता. चौथीचं दार फार खाडकन लागत होतं, माणसाचा अपमान केल्यासारखं. पाचवीत काही खोट सापडेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "रंग कसा फिकट, रुसल्यागत." दर रविवारी रविराज पहिल्या बसनं येई, दोघं भाऊ पुढं बसून इंजिनवर वाद घालत, पोरी भडंग खात, आणि चंपाबाई मधल्या सीटवर खिडकीला बसून उसाचे फड बघत. गाडी घ्यायची आहे, हे हळूहळू सगळेच विसरत चालले होते.

राजेश्वरी विसरली नव्हती. एकदा चक्कर मारून येताना तिचं सासूकडं लक्ष गेलं. पुढं दोन्ही लेक मायलेजवरून तंडत होते आणि चंपाबाई डोळे मिटून ते भांडण गाणं ऐकावं तसं ऐकत होत्या. राजेश्वरीला सगळं उमगलं. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. पण टेम्पोवाल्यानं आदल्याच दिवशी तिचे गठ्ठे चिखलात टेकवले होते आणि तिचा धीर संपला होता.

पुन्हा समता मॅडमच्या शोरूमला गेले, तेव्हा मॅडमनी हसतमुखानं सांगितलं, की आता बुकिंगशिवाय चक्कर मिळणार नाही. नागराज दुखावला. तो मॅडमना ग्राहक म्हणजे काय ते समजावत असताना राजेश्वरी कोपऱ्यातल्या एका साध्या पाच सीटरपाशी गेली. मागच्या सीटचा पट्टा ओढला. सीट मधून दुभंगली आणि अर्धीच घडी झाली. तिनं स्वतः मापाला आणलेल्या गठ्ठ्यांतले दोन मोकळ्या बाजूला सरळ आत ढकलले, उरलेले दोन डिकीत टाकले, आणि सासूला हाक मारली.

"आत्त्या, बसा बघू."

चंपाबाई बसल्या. गुडघे दुमडले नाहीत की ताणले नाहीत. खोट काढायला त्यांनी तोंड उघडलं, पण सुनेच्या नजरेला नजर भिडली आणि त्यांनी ते मिटलं.

"बरी हाय," त्या पडेल आवाजात म्हणाल्या.

"हीच," राजेश्वरी म्हणाली.

"अगं, पण अजून तुलना…" नागराज म्हणाला.

"सगळी तुलना रस्त्यानं जाता जाता करूया."

गाडी घेतली. गाडीची पूजा झाली, पेढे वाटले. भरमू पेढा खाऊन गेला आणि परत 'ए नागू' म्हणू लागला. सोसायटीतली खुर्चीही पुन्हा जागेवर गेली.

पुढच्या रविवारी रविराज आला नाही. बघायला काही उरलंच नव्हतं. चंपाबाई सकाळपासून ओट्यावर बसून होत्या. दुपारी त्या नागराजला म्हणाल्या, "गाडी आवाज करतीया."

"कसला आवाज? नवी हाय की!"

"मागनं. कुईं कुईं करतीया. तुला न्हाय कळायचं. रवीला बोलीव, त्याला इंजिनातलं कळतंय."

नागराजनं फोन लावला. आपल्या ज्ञानाची गरज पडलेली ऐकून रविराज मिळेल त्या बसनं निघाला. दोघा भावांनी बॉनेट उघडलं, चाकं दाबून बघितली, डिकीत डोकं घालून कान दिले. काही ऐकू आलं नाही. मग चालत्या गाडीतच कळेल म्हणून चंपाबाई आणि राजेश्वरीसकट चौघं संकेश्वरपर्यंत जाऊन आले.

"आला काय आवाज, वैनी?" रविराजनं वाटेत विचारलं.

राजेश्वरीनं शेजारी बसलेल्या सासूकडं बघितलं. मग बाहेर बघत म्हणाली, "बारीक येतोय. पुढच्या रविवारी परत बघूया."