हिरवा रकाना

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय तेही धीर आला म्हणून नव्हे — स्वतःचाच आलेला संताप आता आवरत नाही, म्हणून.

डहाणू-तलासरीकडे मानसिक आजार आणि व्यसनमुक्तीच्या सरकारी कार्यक्रमात माझं काम देखरेखीचं. रुग्णाला दर महिन्याला कुणी भेटलं का, गोळ्या पोचल्या का, फरक पडला का — तपासायचं आणि संगणकात भरायचं. भेट झाली की रकाना हिरवा, नाही तर लाल. लाल का, हे वरून कधी कुणी विचारलं? "काय हो, तुमच्याकडे अजून लालच?" एवढंच. आणि बैठकीत हशा.

दिवाळीनंतर इथले पाडे रिकामे होतात. माणसं वीटभट्टीवर, बोटीवर, गुजरातेत जातात. फोन लागत नाहीत. मग आम्ही काय करायचो? कामावर गेला म्हणजे बरा झाला, असं धरायचो. आणि आजारी माणूस कामाला जाईल का, असं एकमेकांना समजावायचो. 'आम्ही' म्हणतोय मी... खोटं आहे. मी करायचो.

जान्या उधव्याकडच्या एका पाड्यावरचा. त्याला आवाज ऐकू यायचे. ते बुडवायला तो दारू प्यायचा. गोळ्यांनी दोन्ही थांबलं होतं. त्या पावसाळ्यात भात लावायला स्वतः शेतात उतरला. दिवाळीनंतर मी शेजाऱ्याला फोन केला. "भट्टीवर गेलीत सगळी," तो म्हणाला. मी पुढचं विचारलं नाही. 'पूर्ण बरा, नोंद बंद' असं भरून टाकलं. पुढच्या बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या — आणि मी, निर्लज्ज, हात जोडून उभा राहिलो.

नोंद बंद म्हणजे गोळ्या बंद. हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं.

होळीला सगळे परतले. जान्याची बायको लाडकी गोळ्यांसाठी आली, तर यादीत त्याचं नावच नाही. ती माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"दादा, तुमचे कागदात तो बरा झाला, मंग माझे घरात कोण बसलाय? भिंतीशी भांडतो तो!"

नोंद पुन्हा उघडायला दोन मिनिटं लागतात. पण कारण लिहावं लागतं, आणि खाली माझं नाव येतं. मी तिलाच दरडावलं — तुम्हीच गोळ्या चुकवल्या असतील, पुढच्या महिन्यात डॉक्टर येतील तेव्हा घेऊन या. मला राग आला होता. तिचा! कळतंय का तुम्हाला — तिचा.

आठ दिवसांत जान्या घरातून निघून गेला. अजून सापडलेला नाही.

वरच्यांना शिव्या घालायला मला आवडतं. त्या बैठका, ते रंग, त्या टाळ्या — सगळ्याची चीड येते. पण बटण दाबणारं बोट त्यांच्यापैकी कुणाचं होतं?

आणि खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे. पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज लिहून घ्यायला लाडकी माझ्याकडेच आली. तिला वाचता येत नाही. "लिवा दादा, गोळ्या बंद केल्या म्हणून त्याचा डोका फिरला." मी मान डोलावली — आणि ते वाक्य गाळून अर्ज पुरा केला.

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

मी सावकाश वाचून दाखवला. न लिहिलेलं ते वाक्यही वाचलं, तिच्याच शब्दांत. मग तिने अंगठा उठवला.