गोड इअरफोन, कोरडा इअरफोन

काही वर्षं मी अख्ख्या महाराष्ट्राला बटणं दाबायला सांगत होते. बिलाची माहिती हवी असेल तर एक दाबा, तक्रार नोंदवायची असेल तर दोन दाबा, आमच्या प्रतिनिधीशी बोलायचं असेल तर कृपया प्रतीक्षा करा. त्या प्रतीक्षेचं पुढे काय व्हायचं ते माझ्या हातात नव्हतं. लातूरहून फोन लावा की नाशिकहून, आवाज माझा यायचा, आणि तो निघायचा दिल्लीला लागून असलेल्या इंदिरापुरममधल्या आमच्या फ्लॅटच्या कपाटातून. कपाटातून म्हणजे खरोखरच कपाटातून. मोबाईल घराघरात पोचू लागले होते ते हे दिवस. नोएडातल्या ज्या छोट्या कंपनीसाठी मी हे काम करायचे, तिने आपला स्टुडिओ बंद केला आणि सगळ्या भाषांच्या आवाजांना घरूनच रेकॉर्ड करायला बसवलं. आमच्या चहूबाजूंनी तेव्हा फ्लॅटचे टॉवर उठत होते. एका टॉवरचा मार्बल कापून संपायचा त्याच दिवशी दुसऱ्याचा सुरू व्हायचा. तेव्हा तो आवाज अडवायला कपाटाची दारं उघडी टाकून, रजयांच्या चळतीत माइक खोचून, त्यात तोंड घालून बोलणं एवढाच उपाय उरला होता. नवरा गुडगावला नोकरीला असल्यामुळे घरी नसल्यात जमा होता, म्हणून हे दृश्य फक्त आईने पाहिलं.

बाबा गेल्यानंतर आई माझ्याकडे राहायला आली होती. लग्न होऊन साताऱ्याहून थेट दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलेली बाई. पुढे पहाडगंजच्या मराठी शाळेत ती निवृत्त होईपर्यंत मराठी शिकवत होती. दिल्लीत बदली होऊन आलेल्यांची, इथेच जन्मलेली, घराबाहेर पडलं की हिंदीत बोलणारी मुलं तिच्या वर्गात असत. त्यांच्या तोंडून धड वाक्य काढून घेणं हे तिचं आयुष्यभराचं काम. स्वतःच्या मराठीला ती कधी चांगली मराठी म्हणाली नाही. ती नुसती मराठी होती. बाकी सगळ्यांची दिल्लीची मराठी, आणि त्या बाकी सगळ्यांत मीही आले. साताऱ्याहून येताना आणलेलं पितळी पातेलं घासून पुसून जसंच्या तसं ठेवावं, तशी आपण भाषा ठेवली आहे याबद्दल तिच्या मनात शंकेला जागाच नव्हती. माझ्याही नव्हती. माझं प्रत्येक रेकॉर्डिंग तिने ऐकून पास केल्याशिवाय मी पुढे पाठवत नसे.

मग कंपनीने पुण्यात ऑफिस उघडलं आणि तिथे एक मुलगी नेमली. मराठीचं सगळं तिच्या कानाखालून जाणार होतं. तिने माझ्याकडून नवे नमुने मागवले. पहिला नमुना ऐकून तिचा फोन आला. अतिशय गोड बोलली.

"आवाज खूपच छान आहे हं तुमचा. फक्त एक विचारू का? तुम्ही मूळच्या कुठल्या?"

हा प्रश्न मला दिल्लीत रोज विचारतात. भाजीवाला विचारतो, शेजारीण विचारते, बँकेतला माणूस विचारतो. त्याचा मला राग येत नाही. पण मराठी माणसाने मराठीत विचारला की माझं डोकं फिरतं. मी सातारा असं सांगितलं. ती "अच्छा" म्हणाली, आणि तिचं ते अच्छा पुण्याचंच होतं हे मलाही कळलं. आणखी दोन नमुने पाठवा, नाहीतर मराठीचं काम आम्ही इथूनच करून घेऊ, असं तिने तितक्याच गोडव्याने सांगितलं.

मला कामाची काळजी होती. आईची काळजी वेगळी होती. माझी मराठी नापास झाली तर ती कुणाच्या हातची नापास झाली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. दोन दिवस ती भाजी निवडतानासुद्धा खुर्चीत ताठ बसली होती.

पहिला दोष आम्ही यंत्रावर टाकला. बंद झालेल्या स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टला मी फोन केला. तो म्हणाला, जाडजूड हेडफोन लावून बोलतेस तर त्यातून आवाज गळतो आणि माइकमध्ये शिरतो. कानाच्या आत बसणारे घे, रबराच्या टोपीचे. पण बघून घे. काही मजेत ऐकायला असतात, काही चुका ऐकायला.

आम्ही दोघी बस, मग मेट्रो असं करत करोल बागेत गेलो. इंपोर्टेड मालाच्या दुकानदाराने काउंटरवर दोन जोड्या ठेवल्या आणि एकच पंजाबी गाणं दोन्हींवर लावलं. पहिली जोडी कानात घातली तर ढोल थेट माझ्या दाढांमध्ये वाजू लागला. "मॅडम, बेस देखो बेस," तो म्हणाला. बेस बघण्याचा प्रश्नच नव्हता, तो मला धरून हलवत होता. दुसरी जोडी लावली तर तेच गाणं उन्हात वाळत घातल्यासारखं. ढोल लांब गेला, आणि गाणाऱ्याने दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वास ऐकू आला. त्याला सर्दी झाली होती असं मला वाटलं.

आईने दोन्ही लावून पाहिल्या. कानात असं काही घालून घ्यायची तिची पहिलीच वेळ होती, त्यामुळे ती संपूर्ण दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती.

"ही घे! पहिली! ही गोड आहे! ती दुसरी नुसतीच कोरडी!"

"आई, हळू. आणि मला रेकॉर्डिंगला हवीय."

"मग काय रेकॉर्डिंग कडू करायचंय?"

एक नेऊन बघते, नाही पटली तर बदलून घेईन, असं मी दुकानदाराला म्हटलं. "कान में गया माल वापस नहीं होता," तो म्हणाला. हे म्हणणं बरोबर होतं म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. रागाच्या भरात मी दोन्ही जोड्या घेतल्या. परतताना मेट्रोत आईने गोड जोडी लगेच माझ्या प्लेअरला लावली आणि जुनी भावगीतं ऐकत डोळे मिटून बसली. मंडी हाउस स्टेशन कधी गेलं तिला कळलं नाही.

दुसरा नमुना मी त्या गोड जोडीवर केला, कारण आईने तसं ठरवलं होतं. कान दोन्ही बाजूंनी बुजले की आपलाच आवाज डोक्यात घुमतो, हे मला माहीत नव्हतं. मी साधं "नमस्कार" म्हटलं तरी गाभाऱ्यात बोलल्यासारखं वाटायचं. त्या थाटाला शोभावं म्हणून मी सावकाश, भरदार बोलत गेले. आई खूश झाली. पुण्याच्या मुलीने तीन ओळींचं उत्तर पाठवलं. त्यात "थोडं बातम्यांसारखं" आणि "शेवटी सूर वर जातोय, हिंदीसारखा" असं दोन्ही होतं.

"हिंदीसारखा?" आई म्हणाली. "तिला ऐकू येत नसणार. मी ऐकलंय ना."

शेवटचा नमुना राहिला होता. या वेळी कोरडी जोडी, असं मी ठणकावून सांगितलं. एक बाजू माझ्या कानात आणि एक आईच्या, म्हणजे माझा एक कान मोकळा राहील आणि गाभारा होणार नाही. वायर तोकडी होती. आम्ही दोघी कपाटासमोर स्टुलांवर, डोक्याला डोकं लावून, रजयांकडे तोंड करून बसलो. दुपारची वेळ होती, पाण्याचा पंप बंद झाला होता आणि मार्बलवाले जेवायला गेले होते. मी वाचत होते, आई मध्येमध्ये हात वर करून थांबवत होती आणि सुधारत होती. तशी ती माझ्या शाळेच्या वयातही थांबवायची. मग आम्ही सगळं सुरुवातीपासून लावून ऐकलं.

कोरड्या जोडीने काही म्हणजे काही लपवलं नाही. माझी जीभ टाळ्याला लागलेली कळत होती. खाली कुणाची तरी गाडी मागे घेताना वाजली तेही आलं होतं. आई भुवया आवळून ऐकत होती. मध्येच तिने हात वर केला.

"थांबव. ही कोण?"

"कोण कोण?"

"मधे बोलतेय ती. आता बोलली बघ. शेजारची आहे का? खिडकी उघडी राहिली वाटतं."

मी मागे घेऊन पुन्हा लावलं. आईने डोळे बारीक केले.

"मराठी शिकलीय कुठेतरी. शब्द बरोबर आहेत. पण सूर सगळा हिंदी. यूपीची असणार."

मी काहीतरी खोटं बोलायला हवं होतं, पण सुचलं नाही. माझ्याच कानाला तार लावून ती बसली होती, इतक्या जवळ असताना खोटं सुचत नाही.

"आई, ती तू आहेस. मला थांबवत होतीस ना, ते माइकने घेतलंय."

तिने इअरफोन काढला नाही. "पुन्हा लाव," म्हणाली. मी लावलं. आणखी एकदा लाव म्हणाली. मग तिने तो कानातून काढून, टोपी पदराला पुसून माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन साताऱ्याला मावशीला फोन लावला. मावशी तिची धाकटी बहीण. आई कुठलीही गोष्ट फिरवून विचारत नाही.

"खरं सांग, मी कशी बोलते गं? मराठी. तुमच्यासारखी की इथल्यासारखी?"

फोन तिने स्पीकरवर ठेवला होता. मावशी खळखळून हसली.

"अगं ताई, तू तिकडे गेलीस आणि दुसऱ्याच वर्षी दिवाळीला आलीस ना, तेव्हापासून. आपले बाबा म्हणाले होते, पोरगी हिंदी झाली. आम्हाला वाटलं तुला ठाऊक आहे."

"मग इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?"

"त्यात काय बोलायचं? गोड वाटतं की ऐकायला."

त्यानंतर आई बोलायची कमी झाली. बोलली तरी वाक्य संपलं की क्षणभर थांबायची, आपलंच वाक्य परत ऐकत असल्यासारखी. चहा झाला एवढं सांगतानाही. ते थांबणं मला बघवेना. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं सरळ करणारी बाई स्वतःच्या तोंडाला घाबरू लागली होती, आणि त्याला कारण काय, तर करोल बागेतून आणलेली एक तार.

नमुना पाठवायचा शेवटचा दिवस आला. मी स्टुलं मांडली आणि आईला हाक मारली. ती दारात उभी राहिली.

"मला कशाला विचारतेस? मी तसलीच. तुझं तू कर."

मी भडकले. एवढी की पुढचं सगळं मी कोणत्या सुरात बोलले ते मला आजही सांगता येणार नाही.

"तसलीच म्हणजे काय? मला जी येते ती तुझ्याकडून आलीय. पुण्याच्या पोरीची मला नकोय आणि मावशीचीही नकोय. मी काय मुकी राहू का? बस इथे."

ती बसली. माझ्या रागाला घाबरून बसली की ऐकून बसली, मी विचारलं नाही. मी दोन्ही जोड्या तिच्यापुढे धरल्या. गोड घेतली असती तरी चाललं असतं मला. तिने कोरडी उचलली, एक बाजू स्वतःच्या कानात घातली आणि दुसरी माझ्या हातात दिली.

काम पुण्याला गेलं, हे सांगून टाकते. दोन आठवड्यांनी त्या मुलीचा तितकाच गोड फोन आला. पण त्या दुपारी ते आम्हाला माहीत नव्हतं. मी ना बातम्यांसारखं वाचलं, ना साताऱ्यासारखं. घरात बोलते तसं वाचलं, शेवटी सूर जिकडे जायचा तिकडे जाऊ दिला. आई खाली मान घालून ऐकत होती. तिचा हात मांडीवर होता, एकदाही वर आला नाही, आणि मला वाटलं संपलं, आता ही मला कधी थांबवणार नाही.

शेवटच्या ओळीला हात वर आला.

"प्रतीक्षा करा घाईत म्हणालीस," ती म्हणाली. तिच्या त्याच सुरात, न थांबता. "ज्याला थांबायला सांगायचं, त्याच्यापुढे आपण घाई करायची नाही. परत घे."